सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला का चालत नाही? मुळावरच्या गाठींमागचा जनुकांचा करार

बेळगाव, प्रतिनिधी : गेल्या वर्षीच्या रब्बीतली गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या आमच्या मामांनी उसाचा खोडवा मोडून त्या रानात पहिल्यांदाच हरभरा केला. बियाण्याला लावायला म्हणून दुकानातून जिवाणू खताची पाकिटं आणली. दुकानदाराने खरिपातली उरलेली दिली आणि सांगितलं, "रायझोबियम ते रायझोबियम, कुठल्याबी डाळीला चालतंय." मामांनी गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत बसून, बियाण्याला नीट चोळलं. पाच आठवड्यांनी फोन आला.

"अरे, हरभरा पिवळा पडलाय बघ. पाकीट लावलंतं की मी. तू पेपरवाला माणूस, जरा विचार की कुणाला तरी."

रविवारी गेलो. फावड्याने सात-आठ झाडं मातीसकट उचलली, मुळं बादलीत धुतली. एखाद-दुसरी बारीक पांढरी गाठ होती, बाकी मुळं स्वच्छ. मग रिकामं पाकीट शोधून काढलं. मुदत संपलेली नव्हती. पण पिकाचं नाव बारीक अक्षरात इंग्रजी आणि कन्नडमध्ये छापलेलं होतं : सोयाबीन. मामा कन्नड फाडफाड बोलतात, वाचता मात्र येत नाही. सीमाभागात असे हजारो लोक आहेत.

मी कॉमर्सचा पदवीधर. बारावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. पण सोयाबीनचं चालतं ते हरभऱ्याला का चालत नाही, हा प्रश्न डोक्यातून जाईना. कृषी पदवीधर मित्रांना विचारलं, मिळेल ते वाचलं. कळलं ते असं, की हा सगळा प्रकार म्हणजे झाड आणि जिवाणू यांच्यातली भागीदारी आहे. कराराची निम्मी कलमं झाडाच्या जनुकांत लिहिलेली आहेत आणि निम्मी जिवाणूच्या. दोन्ही कागद जुळले तरच गाठ धरते.

नत्र हवेत भरपूर, झाडाला उपयोग नाही

हवेत ७८ टक्के नत्र असतं. पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरलेले असतात, की झाडाला ते वापरता येत नाही. कारखान्यात हेच नत्र फोडून अमोनिया करायला चारशे अंशांहून जास्त उष्णता आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. त्या अमोनियापासून आपल्या ओळखीचा युरिया होतो.

मुळावरच्या गाठीतला जिवाणू तेच काम शेतातल्या मातीत, कुठल्याही भट्टीशिवाय करतो. कडधान्याचा बेवड चांगला, हे आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. त्याचं कारण मात्र १८८६ साली पुढे आलं. हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी तेव्हा दाखवून दिलं, की गाठी असलेली द्विदल झाडं हवेतलं नत्र वापरतात. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. १८९६ पर्यंत जर्मनीत नोबे आणि हिल्टनर यांनी अशा जिवाणूंच्या खताचं पेटंटही घेतलं होतं. म्हणजे मामांच्या हातातलं पाकीट ही सव्वाशे वर्षांहून जुनी कल्पना आहे.

आधी झाडाचा निरोप

पेरणीनंतर मूळ वाढायला लागलं, की ते मातीत काही रसायनं सोडतं. त्यांना फ्लॅव्होनॉइड म्हणतात. जमिनीत नत्र कमी असेल तेव्हा हा निरोप जास्त जातो. सोयाबीनच्या निरोपात जेनिस्टीन आणि डायडझीन ही रसायनं असतात. लसूणघासाच्या निरोपात ल्युटिओलीन असतं, हे अमेरिकेत शॅरन लाँग यांच्या प्रयोगशाळेने १९८६ मध्ये शोधलं.

जिवाणूच्या बाजूला हा निरोप वाचणारं एक जनुक असतं, नॉड-डी. त्यापासून तयार होणारं प्रथिन योग्य फ्लॅव्होनॉइड ओळखतं आणि बाकीची 'नॉड' जनुकं चालू करतं. निरोप ओळखीचा नसेल तर ती बंदच राहतात. इथेच पहिली चाळणी लागते.

निरोप पटला, की जिवाणू उत्तर पाठवतो. हे उत्तर म्हणजे साखरेच्या चार-पाच कड्यांची एक छोटी साखळी आणि तिच्या टोकाला मेदाम्लाचं शेपूट. शास्त्रज्ञ त्याला नॉड घटक म्हणतात. त्याची नेमकी रचना फ्रान्समधल्या तुलूझच्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये उलगडली. साखळीचा सांगाडा बनवणारी नॉड-ए, नॉड-बी आणि नॉड-सी ही तीन जनुकं जवळजवळ सगळ्या गाठी करणाऱ्या जिवाणूंत सापडतात. फरक पडतो तो साखळीवरच्या सजावटीत. शेपूट केवढं, कुठल्या कडीला कुठला गट लावलेला, हे ठरवणारी जनुकं प्रत्येक जिवाणूची वेगळी.

लसूणघासाच्या जिवाणूचं उदाहरण बघा. त्याच्यात नॉड-एच नावाचं जनुक साखळीच्या टोकाला गंधकाचा एक गट लावतं. हे एकच जनुक बिघडवलं, तर तो जिवाणू लसूणघासावर गाठी करू शकत नाही. उलट, ज्या व्हेच नावाच्या चाऱ्याशी त्याचा एरवी संबंध नसतो, त्याच्या मुळाला तो चालू लागतो. कागदावरचा एक शिक्का काढला आणि खातंच दुसऱ्याच्या नावावर गेलं, असा प्रकार.

मामांच्या शेतात हेच नडलं. सोयाबीनला लागतो ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम हा जिवाणू किंवा त्याचे जवळचे भाऊबंद. हरभऱ्याला लागतो मेसोरायझोबियम सिसेरी आणि त्याचे भाऊबंद. आपल्या बेळगावच्या मसुरीचा आणि वाटाण्याचा जिवाणू एकच, रायझोबियम लेग्युमिनोसेरम. दुकानात सगळ्यांनाच 'रायझोबियम' म्हणतात, पण आडनाव सारखं म्हणून सोयरीक जुळत नाही. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग ही पिकं त्या मानाने कमी चोखंदळ. आपल्या मातीत राहणारे बरेचसे संथ वाढणारे ब्रॅडीरायझोबियम त्यांना चालतात. म्हणून चवळीला पाकीट न लावताही गाठी दिसतात.

झाडाच्या बाजूची सही

जिवाणूने बरोबर उत्तर पाठवलं तरी ते वाचायला झाडाकडे जनुक हवं. अमेरिकेत १९५४ मध्ये अशा सोयाबीनची नोंद झाली, ज्याच्या मुळावर गाठीच येत नव्हत्या. दोष एकाच जनुकात होता आणि तो अप्रभावी होता, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा. ते जनुक नेमकं कसलं, हे कळायला त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं लागली. नॉड घटक ओळखणारं ग्राहक प्रथिन त्या जनुकापासून बनतं.

या ग्राहकांचा पत्ता २००३ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठात लागला. लोटस नावाच्या द्विदल झाडावर (आपलं कमळ नव्हे, ही चाऱ्याच्या जातीतली वनस्पती) त्यांनी दोन जनुकं शोधली. दोघांचीही प्रथिनं मुळाच्या पेशीच्या पडद्यावर बसतात आणि जोडीने काम करतात. एक जरी नसलं तरी झाडाला जिवाणूचं उत्तर पोचत नाही.

उत्तर पोचलं, की मूळकेसाच्या पेशीकेंद्रात कॅल्शियमचं प्रमाण ठरावीक ठेक्यात वर-खाली होऊ लागतं. ते मोजणारं एक प्रथिन आहे. ते पुढच्या जनुकांना चालू करतं आणि त्यांतलं 'निन' हे जनुक गाठ बांधायचा हुकूम देतं. मूळकेस काठीच्या मुठीसारखा वाकतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आत एक बारीक नळी तयार होते. त्या नळीतून जिवाणू आत जातात. भुईमुगाची रीत वेगळी. त्याचं उपमूळ फुटताना सालीला जी भेग पडते, तिथूनच जिवाणू शिरतात.

यातली बरीच जनुकं कडधान्यांची स्वतःची नाहीत. जमिनीतल्या उपकारक बुरशीशी झाडं ४० कोटींहून जास्त वर्षं मैत्री करत आली आहेत. त्यासाठीची यंत्रणा भातात, गव्हातही आहे. कडधान्यांच्या पूर्वजांनी तीच जुनी यंत्रणा जिवाणूंसाठी वापरायला घेतली.

गाठीच्या आतला जमाखर्च

आत गेल्यावर जिवाणूची 'निफ' जनुकं चालू होतात. त्यांपासून नायट्रोजनेज हे विकर बनतं. त्यात लोह आणि मॉलिब्डेनम लागतं. नत्राचा एक रेणू फोडायला कमीत कमी १६ एटीपी खर्ची पडतात. एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन. एवढी ऊर्जा येते झाडाने पानांत बनवलेल्या साखरेतून. म्हणजे गाठ फुकट नत्र देत नाही, झाड त्याची रोख किंमत मोजतं.

अडचण अशी, की नायट्रोजनेज प्राणवायूने बिघडतं आणि जिवाणूला श्वासाला तर प्राणवायू हवाच. यावर झाडाने काढलेला तोडगा म्हणजे लेगहिमोग्लोबिन. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे जवळचं नातेवाईक. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि मोजून-मापून सोडतं. त्याचं प्रथिन झाडाच्या जनुकांतून येतं. कामाची गाठ नखाने फोडली तर आत तांबडी-गुलाबी दिसते, ती यामुळेच. आतून पांढरी किंवा हिरवट गाठ म्हणजे काम सुरू झालेलं नाही किंवा संपलं आहे.

आत गेलेल्या सगळ्या जिवाणूंचं नशीबही सारखं नसतं. मसूर-वाटाण्याच्या गाठीत झाड काही छोटी प्रथिनं सोडतं. त्यांनी जिवाणू फुगतात, काम करतात, पण पुन्हा त्यांची वीण वाढत नाही. सोयाबीन आणि चवळीच्या गाठीतले जिवाणू मात्र गाठ कुजल्यावर मातीत परत जाऊन वाढू शकतात.

लबाडी चालते का?

भागीदारी म्हटली की आयतं खाणारा आलाच. साखर घ्यायची आणि नत्र द्यायचं नाही, असे जिवाणू मातीत असतात. मग झाड काय करतं? २००३ मध्ये अमेरिकेतल्या टोबी कीअर्स आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनवर एक प्रयोग केला. काही गाठींभोवतीच्या हवेतलं नत्र काढून तिथे आर्गॉन वायू भरला. जिवाणू चांगलेच होते, पण आता ते नत्र देऊ शकत नव्हते. अशा गाठींत जिवाणूंची वाढ लक्षणीय घटली. झाडाने त्यांचा प्राणवायू आवळल्याची चिन्हंही दिसली. काम नाही तर दाम नाही, हा नियम झाड पाळतं.

गाठी किती करायच्या हेही झाडच ठरवतं. ऑस्ट्रेलियात १९८५ मध्ये ब्रॅग या सोयाबीन वाणातून अशी झाडं निघाली, ज्यांच्या मुळावर नेहमीच्या कैकपट गाठी यायच्या. कलम करून पाहिलं, तर हुकूम शेंड्याकडून येतो असं दिसलं. मूळ साध्या झाडाचं आणि वरचा भाग बिघडलेल्या झाडाचा, तरी गाठींचा सुळसुळाट. २००३ मध्ये ते जनुक सापडलं. ते पानांत काम करतं आणि 'आता पुरे' असा निरोप खाली पाठवतं. गाठी जास्त म्हणजे उत्पन्न जास्त, असा भ्रम इथे तुटतो. त्या झाडांची साखर गाठी पोसण्यातच जायची आणि वाढ खुंटायची.

युरियाचं कोडंही इथेच सुटतं. जमिनीत नत्र भरपूर असेल, तर झाड 'आता पुरे'चा तोच मार्ग वापरून गाठी धरणं थांबवतं. घरात धान्य असताना कोण महाग उसनवारी करेल? म्हणून पाकीटही लावायचं आणि भरमसाट युरियाही टाकायचा, म्हणजे दोन्हीचे पैसे घालवायचे.

जनुकं एका घरातून दुसऱ्या घरात

मला सगळ्यात नवल वाटलं ते न्यूझीलंडच्या गोष्टीचं. तिथल्या एका रानात लोटस चाऱ्याला चालणारे जिवाणू मुळात नव्हतेच. पेरताना बियाण्याला एकाच वाणाचा जिवाणू लावला. सात वर्षांनी गाठी तपासल्या, तर आत तऱ्हेतऱ्हेचे जिवाणू. पण गाठ धरायची जनुकं सगळ्यांची सारखीच. पाकिटातल्या जिवाणूने आपल्या जनुकांचा एक अखंड तुकडा, सुमारे ५ लाख अक्षरांचा, मातीतल्या स्थानिक जिवाणूंना देऊन टाकला होता. हे संशोधन १९९५ आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं.

शेतकऱ्याला याचा अर्थ दुहेरी. एकदा चांगला जिवाणू रानात रुजला, की त्याची जनुकं तिथे टिकू शकतात. पण ती घेऊन बसलेले गावठी जिवाणू नत्र देण्यात कच्चे असले, तरी गाठीत जागा पटकावण्यात पटाईत असू शकतात. मग नव्या पाकिटातला चांगला जिवाणू मागे पडतो. ज्या रानात वर्षानुवर्षं तेच पीक आहे, तिथे पाकिटाचा फरक कमी दिसतो आणि नव्या रानात जास्त, याचं एक कारण हे आहे.

माळव्यातल्या आपल्या मराठी वाचकांना हे पटेल. १९७० नंतर इंदूर-उज्जैनकडे सोयाबीन पसरलं, तेव्हा चीनकडून आलेल्या या पिकाचे जिवाणू तिथल्या जमिनीत पुरेसे नव्हते. ते बियाण्याबरोबर लावावे लागले. नायजेरियातल्या शास्त्रज्ञांनी उलटा रस्ता धरला. आफ्रिकेच्या मातीतल्या चवळीच्या जिवाणूंशी जमवून घेणारे सोयाबीनचे वाण त्यांनी निवडून तयार केले. जिवाणू बदलायचा की झाड, दोन्ही वाटा जनुकांतूनच जातात.

भाताला गाठी येतील का?

हा प्रश्न मामांनीही विचारला. उत्तर : आज तरी नाही. पण प्रयत्न चालू आहेत. केंब्रिजमध्ये जाइल्स ओल्ड्रॉइड यांच्या नेतृत्वाखाली धान्यपिकांत ही यंत्रणा बसवण्याचं काम सुरू झालं. भातात बुरशीशी मैत्रीची जुनी जनुकं असल्यामुळे सुरुवात शून्यातून नाही, एवढाच दिलासा.

गाठी ही फक्त कडधान्यांची मक्तेदारी नाही. गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावरचं सुरूचं झाड घ्या. नुसत्या वाळूत ते तरारून वाढतं. त्याच्या मुळावरही गाठी असतात, फक्त आत फ्रँकिया नावाचा वेगळा जिवाणू असतो. २०१८ मध्ये अनेक वनस्पतींचे जनुकीय आराखडे ताडून पाहिले, तेव्हा असं दिसलं, की काही झाडांच्या पूर्वजांना गाठी येत होत्या आणि नंतर 'निन'सारखी जनुकं बिघडून ती सोय गेली. म्हणजे हा करार करणं अवघड आणि मोडणं सोपं आहे.

हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकाराने तुरीचा आराखडा २०१२ मध्ये आणि हरभऱ्याचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या डाळींची जनुकं आता वाचता येतात, हे लहान काम नाही.

शेतकऱ्याने लक्षात ठेवावं असं

- पाकिटावर पिकाचं नाव बघूनच घ्या. वाचता येत नसेल तर दुकानातच कुणाकडून तरी वाचून घ्या आणि पेनाने मराठीत लिहून ठेवा. मुदतीची तारीखही तशीच बघा.
- पाकीट उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. आत जिवंत जिवाणू आहेत.
- बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, मग कीटकनाशक आणि जिवाणू खत सगळ्यात शेवटी. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.
- त्या रानात ते पीक पहिल्यांदाच किंवा बऱ्याच वर्षांनी येत असेल, तर पाकीट चुकवू नका.
- पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी चार-पाच झाडं फावड्याने उचला, उपटू नका. उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात. गाठ फोडून रंग बघा.

यंदा मामांनी त्याच रानात पुन्हा हरभरा केलाय. पाकीट हरभऱ्याचंच आणलं, त्यावर बॉलपेनने 'हरभरा' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. माझ्या सांगण्यावरून बांधाकडच्या चार ओळी बिनपाकिटाच्या सोडल्या. गेल्या आठवड्यात दोन्हीकडची झाडं काढून बघितली. बिनपाकिटाच्या ओळींत गाठी तुरळक. बाकी रानात दाट आणि फोडल्यावर आतून तांबड्या.

मामांनी एक गाठ अंगठ्याखाली चिरडली, लाल झालेला अंगठा मला दाखवला आणि म्हणाले, "रक्तच की रे हे." मी म्हटलं, "मामा, रक्ताच्या नात्यातलंच आहे ते." उतारा किती वाढला, ते मळणी झाल्यावर चार ओळींचं वजन वेगळं करून कळेल. ते वेगळं पोत्यात भरायचं त्यांनी कबूल केलंय.